एकतीस नंबरचा कागद

सुजाताताई,

पंधरा दिवसांपूर्वी तुझ्या पुण्यानुमोदनाला मी पाच मिनिटं बोललो. लायब्ररीच्या तळघरातली तीच खोली होती. दर चौदा एप्रिलला तू तिथे घरून खीर करून आणायचीस आणि मी एक वाटी खाऊन ‘मीटिंग आहे’ म्हणत सटकायचो. तुझ्या लेकीनं, मैत्रेयीनं, सनीव्हेलहून येऊन सगळं एकटीनं मांडलं होतं. बुद्ध, बाबासाहेब, आणि शेजारी तुझा चष्मा डोक्यावर सरकवलेला फोटो. नागपूरचे लोक पडद्यावर होते. त्रिशरण झालं, पंचशील झालं. मग मी उठलो आणि म्हणालो, जुना कागद हातात कसा धरायचा ते मला ताईंनी शिकवलं. माना डोलल्या. मागे कोणीतरी नाक ओढलं.

त्यात एक शब्दही खोटा नव्हता. फक्त तू शिकवलेलं मी कशासाठी वापरलं, तेवढं सांगितलं नाही.

आता सांगतो. तू गेल्यावर. दीड वर्ष तू समोर होतीस, तेव्हा जमलं नाही.

विद्यापीठानं ठरवलं की गुलामगिरीशी आपला काय संबंध होता ते शोधून काढायचं, तेव्हा समितीत दोन इतिहासाचे प्राध्यापक होते, एक डीन होती, एक वकील होता. खाली काम करणारे आपण दोघं. कागद वाचणारी तू, वीस वर्षं या अभिलेखागारात मुरलेली. आणि त्या कागदांचा डेटाबेस करणारा मी, आयटीमधून उसना आणलेला. पहिली इमारत कोणी बांधली, पहिल्या विद्यार्थ्यांचा स्वयंपाक कोणी केला, विद्यापीठाच्या पहिल्या अध्यक्षाच्या घरात कोणकोणती माणसं त्याच्या मालकीची होती, हे शोधायचं होतं. आधी यादी, मग अहवाल, आणि शेवटी लायब्ररीसमोर दगडी भिंत, त्यावर नावं कोरलेली.

पहिल्या दिवशी तू माझ्या खिशातलं पेन काढून बाहेरच्या टेबलावर ठेवलंस. आत फक्त पेन्सिल. एका वेळी एक खोकं, खोक्यातली एकच फाइल उघडी. प्रत्येक कागदाच्या मागे कोपऱ्यात तुझ्या अक्षरातला बारीक नंबर. आणि खोक्यात एक चिठ्ठी, कोणी कधी उघडलं त्याची.

‘‘कागद हरवत नाही, श्रीकांत,’’ तू म्हणालीस. ‘‘चुकीच्या खोक्यात जातो. इथे तीन मजले खोकी आहेत. चुकीच्या खोक्यात गेलेला कागद जाळलेल्या कागदाइतकाच मेलेला असतो. फक्त जाळणाऱ्याला पकडता तरी येतं.’’

मी हसलो होतो. तुझ्या बोलण्यातलं बरंचसं मी हसण्यावारी न्यायचो, तेच सोपं होतं.

दोन कागदांचा नियम माझा. हे मी त्या दिवशीच्या भाषणात अभिमानानं सांगितलं, ऐकलं असतंस तर टेबलाखालून लाथ मारली असतीस. नियम असा, की त्या काळातले दोन स्वतंत्र कागद एखाद्या माणसाचं नाव सांगत असतील तर ते नाव ‘पुष्ट’, म्हणजे भिंतीवर. एकच कागद असेल तर ‘अपुष्ट’, म्हणजे अहवालाच्या शेवटी परिशिष्टात, बारीक टाइपात. समितीला नियम फार आवडला. वकिलाला तर फारच.

आपण डबा खात होतो तेव्हा तू विषय काढलास.

‘‘काऊन रे, दोनच काऊन? साडेतीन ठेव ना.’’

‘‘ताई, उद्या कोणी चॅलेंज केलं तर काय दाखवायचं?’’

‘‘ज्यांना स्वतःचं नाव लिहायला शिकायची बंदी होती, त्यांच्याकडे दोन दोन पुरावे मागतोस तू. माझ्या बापाचा जन्म एक जूनचा. काकाचाही एक जूनचा. आमच्या अख्ख्या वस्तीचा एक जूनचा. मास्तरनं शाळेत नाव घालताना टाकून दिला, झालं. तुझ्या डेटाबेसात माझा बाप जन्मलाच नाही बाप्पा.’’

‘‘ते वेगळं आहे.’’

‘‘काय वेगळं आहे?’’

मी पोळीचा तुकडा तोडला. काय वेगळं आहे ते मला आजही सांगता येत नाही. पण तेव्हा मी ज्या सुरात ‘ते वेगळं आहे’ म्हणालो, तो सूर मला माझ्या वडिलांकडून मिळालाय, एवढं कळतंय.

त्याच महिन्यात केव्हातरी, तू मला घरी सोडत होतीस. सिग्नलला थांबल्यावर तू सहज विचारलंस, ‘‘तुझ्या गावात महारवाडा कुठल्या अंगाला होता रे?’’ मी सातारा जिल्ह्यातला. दहावीपर्यंत त्याच गावात राहिलेला. आणि मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं ताई, मी टाळत नव्हतो. शनिवारी आईला फोनवर विचारलं. ती म्हणाली, ‘‘कशाला हवंय आता ते तिकडं बसून?’’ तुला मी कधी सांगितलं नाही की मी विचारलं होतं. तूही परत विचारलं नाहीस. तुझी ती सवयच होती, एकदा विचारायचं आणि मग थांबायचं.

मिस्टर एल्बर्ट पहिल्यांदा आले ते मागच्या दाराने. एकतीस वर्षं त्यांनी या विद्यापीठाच्या बॉयलर हाउसमध्ये काढली होती, त्यामुळे लायब्ररीला पुढूनही दार आहे हे त्यांच्या पायांना माहीत नव्हतं. काळा, उंच, किंचित वाकलेला माणूस, पंच्याहत्तरीच्या पुढचा. टॉवेलात गुंडाळलेलं घरचं बायबल छातीशी धरलेलं. सोबत थोरली बहीण, रूबी, व्हीलचेअरवर.

बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर त्यांच्या आजीनं घराण्यातली नावं लिहिली होती. सगळ्यात वर हॅना. म्हणजे मिस्टर एल्बर्टच्या पणजीची आई. पहिल्या अध्यक्षाच्या घरची स्वयंपाकीण. आणि नावापुढे आजीच्या अक्षरात लिहिलेलं, ‘पोर टाकून निघून गेली.’

‘‘आमच्या घरात हॅना म्हणजे शिवी आहे,’’ मिस्टर एल्बर्ट तुला म्हणाले होते. ‘‘कोणी मुलांकडे लक्ष दिलं नाही की म्हणायचं, हॅनापणा करू नको. आई रात्रपाळीला जायची ना, दारात उभी राहून आम्हाला म्हणायची, मी हॅना नाही, मी परत येणार आहे.’’

रूबी खुर्चीतून म्हणाली, ‘‘आणि त्या बाईचं नाव तुम्ही भिंतीवर लावणार?’’

‘‘लावायचं का नाही ते मग ठरवू,’’ तू तिला म्हणालीस. ‘‘आधी ती खरंच गेली का, ते तर बघू.’’

हॅनाचा एक कागद आपल्याकडे होता. एका विद्यार्थ्यानं घरी लिहिलेलं पत्र, त्यात तिच्या हातच्या भाकरीसारख्या मक्याच्या पावाचं कौतुक. दुसरा कागद नव्हता. बायबल माझ्या नियमात बसत नव्हतं, कारण ते दोन पिढ्यांनंतर लिहिलेलं. मी रकान्यात ‘अपुष्ट’ निवडलं. एक क्लिक.

आणि आता ते पान. अहवालाचं बाविसावं पान. ते मी लिहिलं होतं.

समितीतल्या सगळ्यांनाच दोनशे पानं वाचून दम लागला होता. डीन म्हणाली, काहीतरी असंही हवं की ज्यावर माणूस क्षणभर टेकेल. मला विद्यापीठाच्या एका जुन्या छापील इतिहासात एक ओळ सापडली होती. पहिल्या अध्यक्षानं आपल्या स्वयंपाकिणीला दयाळूपणे मुक्त केलं आणि ती उत्तरेकडे निघून गेली. मी त्या एका ओळीचं पान फुलवलं. छान जमलं होतं. डीननं मीटिंगमध्ये वाचून दाखवलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. ताई, इतक्या महिन्यांत त्या टेबलावर माझ्याकडे बघून कोणी मान हलवली नव्हती. मला मी फार मोठा वाटलो.

तू ते पान वाचून माझ्या टेबलावर आणून ठेवलंस.

‘‘हिला मुक्त केलं म्हणजे कोणाला? हॅनालाच ना?’’

‘‘बहुतेक.’’

‘‘बाई अपुष्ट, आणि तिच्यावरचे उपकार पुष्ट? वा रे वा.’’

‘‘ताई, ते छापील पुस्तक आहे...’’

‘‘किती कागद आहेत त्याला?’’

मी पान माझ्याकडे ओढलं.

‘‘एक,’’ तू म्हणालीस. ‘‘मालकाच्या चांगुलपणाला एक कागद पुरतो का रे, श्रीकांत?’’

आपलं सगळ्यात मोठं भांडण तेच. मी म्हणालो, तू प्रत्येक गोष्टीत तुझं आणतेस. तू म्हणालीस, ‘‘माझं काय आणलं मी?’’ आणि माझ्याकडे बघत राहिलीस, मी ते वाक्य पूर्ण करावं म्हणून. मी केलं नाही. पण दोघांनाही ते पूर्ण ऐकू आलं होतं. दोन आठवडे आपण ‘गुड मॉर्निंग’च्या पलीकडे बोललो नाही. मग एक दिवस तू माझ्या कीबोर्डवर संत्रं ठेवून गेलीस आणि मी ते खाल्लं. माफी कोणीच मागितली नाही. माझी मागायची राहिली.

अहवाल छापायला जायच्या आदल्या आठवड्यात मला बाविसाव्या पानासाठी अध्यक्षाच्या हस्ताक्षराचा फोटो हवा होता. चौदा नंबरचं खोकं मी बाहेर काढलं. तू सुट्टीवर होतीस, मैत्रेयीच्या नव्या अपार्टमेंटचं सामान लावायला गेलेली. चिठ्ठीवर मी माझं नाव आणि तारीख लिहिली, तू शिकवल्याप्रमाणे. फाइल उघडली. नंबर एकतीस.

अध्यक्षानं भावाला लिहिलेलं पत्र. बाकीचं पत्र हवेचं, पिकाचं, कुठल्याशा प्रवचनाचं. मधेच चार ओळी. मला त्या पाठ आहेत. ‘हॅनाला शनिवारी पाठवून दिलं. ज्याच्याशी सौदा ठरला होता त्याचा माणूस दक्षिणेकडे घेऊन गेला. दोन दिवस ती पोरीला सोडायला तयार नव्हती, शेवटी हात सोडवून घ्यावे लागले. पोरगी स्वयंपाकघरात उपयोगी पडेल म्हणून ठेवून घेतली आहे. आता घरात शांतता आहे.’

मी ते दोनदा वाचलं. पहिला विचार हॅनाचा आला नाही. मिस्टर एल्बर्टचा आला नाही. मला आधी माझं पान दिसलं. बाविसावं. वर हस्ताक्षराच्या फोटोसाठी सोडलेली रिकामी चौकट.

मला कोणी काही सांगितलं नव्हतं, ताई. हे मी नीट लिहून ठेवतो, कारण लोक मला सवलत द्यायला बघतील. डीनचा दबाव नव्हता, वकिलाचा फोन नव्हता, नोकरी जायची भीती नव्हती. व्हिसाचे दिवस कधीच मागे पडले होते. सांगायला कोणी लागलंच नाही. मी एकतीस नंबर उचलला आणि शेजारच्या कपाटातल्या एका खोक्यात ठेवला. गेल्या शतकातल्या टेनिस क्लबच्या वर्गणीच्या पावत्यांचं खोकं. ते कोणी शंभर वर्षं उघडणार नाही. फाडला नाही, जाळला नाही. दोन्ही हातांनी, कडा धरून, तू शिकवलंस तसा ठेवला. पहिल्या अध्यक्षानंसुद्धा बहुधा अशाच नीटनेटकेपणानं ते पत्र घडी घातलं असेल.

स्वतःला म्हणालो, छापून होऊ दे, मग ‘सापडला’ म्हणून काढू. दुसऱ्या आवृत्तीत घालू. असं काय काय.

भिंतीचं उद्घाटन झालं तेव्हा ऑक्टोबर होता. विद्यापीठाच्या आताच्या प्रेसिडेंटनं भाषणात बाविसावं पान जवळजवळ पूर्ण वाचलं. मी रूबीच्या व्हीलचेअरच्या मागे उभा होतो, तिच्या डोक्यावर छत्री धरून, कारण पाऊस भुरभुरत होता आणि मला चांगलं वागायची सवय आहे. वाचन संपल्यावर ती भावाला म्हणाली, ‘‘ऐकलंस? कोणी हाकललंही नव्हतं तिला. मोकळी होती. मोकळी असूनही गेली.’’

मिस्टर एल्बर्टनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

मी छत्री जरा पुढे केली. बस.

रूबी मार्चमध्ये गेली. तिच्या डोक्यात हॅना शेवटपर्यंत तीच बाई होती. आणि हे तिला तिच्या आजीनं दिलेलं नव्हतं फक्त. यातला शेवटचा खिळा मी ठोकलेला होता, छापील, सुंदर फॉन्टमध्ये.

तुझ्या आजाराचं निदान तर भिंतीच्या आधीच झालं होतं. मी दर गुरुवारी हॉस्पिटलला यायचो. तुला वाटत असेल किती जीव लावतो. मला तुझ्यासमोर बसवत नव्हतं आणि न येणंही जमत नव्हतं. तू नळ्यांमधूनही टिंगल सोडली नाहीस. मी आणलेला वरणभात चाखून म्हणालीस, ‘‘हे पुण्याचं वरण की माझं सलाइन?’’ मी सातारचा, हे तुला बारा वर्षं माहीत होतं. पण माझ्या बायकोच्या माहेरापायी तू मला कायम पुण्यात ढकलायचीस.

आणि दर वेळी मी उठायला लागलो की तू विचारायचीस, ‘‘श्रीकांत, काही सांगायचं राहिलंय का?’’

मला वाटायचं, ही मरणाबद्दल बोलतेय. निरोपाबद्दल. मी तुझ्या पांघरुणाची कड सरळ करायचो आणि म्हणायचो, ‘‘नाही गं ताई. तू आराम कर.’’

फक्त एकदाच नाही विचारलंस. एकदा विचारून थांबणारी तू, मला दर गुरुवारी विचारलंस. तेवढ्यावरून तरी कळायला हवं होतं.

पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी मैत्रेयी तुझं टेबल आवरायला आली. मला म्हणाली, ‘‘काका, मॉम्स लॉगइन बंद करायचंय, आयटीवाले म्हणतात काहीतरी पेंडिंग आहे. कॅन यू चेक?’’ मी बघतो म्हणालो. पेंडिंग म्हणजे काय असणार, एखादी रजेची विनंती.

तो नाव सुचवण्याचा फॉर्म होता. मीच बनवलेला. अपुष्ट नावाला दुसरा कागद सापडला तर कोणीही तो भरायचा आणि मंजुरीसाठी माझ्याकडे यायचा. भिंतीचं काम सुरू झाल्यावर मी ती रांग उघडणं बंद केलं होतं, सूचनाही बंद करून टाकल्या होत्या. दगडवाल्याला शेवटची यादी जायच्या दहा दिवस आधीची तुझी तारीख होती त्यावर. पहिल्यांदा हॉस्पिटलमधून सुटून तू आठवडाभर कामावर आली होतीस ना, तेव्हाची.

नाव: हॅना. पहिला कागद: विद्यार्थ्याचं पत्र. दुसरा कागद: खोकं चौदा, नंबर एकतीस. आणि शेरा लिहायच्या जागेत, इंग्रजी फॉर्ममध्ये मराठीत, देवनागरीत: ‘श्रीकांतकडे आहे. तो देईल.’

मी तळघरात जाऊन चौदा नंबरचं खोकं काढलं. चिठ्ठीवर माझ्या नावाखाली तुझं नाव होतं. आतल्या तुझ्या जुन्या सूचीत तीस, एकतीस, बत्तीस. एकतीसपुढे तू कधीकाळी लिहून ठेवलेलं, ‘भावाला, घरगुती, स्वयंपाकिणीविषयी.’ आणि त्या आकड्याभोवती पेन्सिलचं ताजं वर्तुळ. म्हणजे पत्रात नेमकं काय होतं ते तुला आठवत नव्हतं, पण कागद गेला आहे आणि शेवटचा हात कोणाचा होता, एवढं तुला कळलं होतं. कागद गहाळ झाल्याची तक्रार केली असतीस तर माझी त्याच आठवड्यात चौकशी लागली असती. ते तू केलं नाहीस. माझ्यापर्यंत चालत येऊन विचारलंही नाहीस. फॉर्म भरलास आणि थांबलीस.

खरं सांगू? मला तुझा राग आला. तिथेच, जमिनीवर बसून. का नाही ओरडलीस? तू ओरडली असतीस तर ते नाव भिंतीवर आलं असतं, रूबीला कळलं असतं. माझ्यावर विश्वास टाकायची काय गरज होती, मी काय केलं होतं तो मिळवायला? आणि मग लक्षात आलं, बघ, मी आत्तासुद्धा हे तुझ्यावर ढकलतोय. अंथरुणात पडलेल्या बाईवर. हात इतके सरावलेले आहेत माझे.

टेनिस क्लबचं खोकं काढलं. एकतीस नंबर होता तसाच होता. त्या खोक्याच्या चिठ्ठीवर मी तेव्हा नाव लिहिलं नव्हतं. आता लिहिलं, तेव्हाची तारीखही लिहिली, आणि काय केलं तेही. मग कागद त्याच्या जागी, तीस आणि बत्तीसच्या मधे.

डीनला सगळं सांगितलं. तिनं आधी खोलीचं दार लावून घेतलं. मग म्हणाली, ‘‘घाई नको करूया. कम्युनिकेशन्स विभागाशी बोलावं लागेल. आणि भिंत तर आता... ग्रॅनाइट आहे, श्री.’’ माझ्याबद्दल काय करायचं ते वकील ठरवतील. बाविसावं पान वेबसाइटवर अजून आहे, आज सकाळी पाहिलं. ‘पुढच्या टप्प्यात विचार करू’ असं पत्र आलंय. ते पत्र लिहिण्याची भाषा मला ओळखीची वाटली. मी गेली दोन वर्षं तीच लिहीत होतो.

पण तू लिहिलं होतंस, तो देईल. समितीला देईल असं लिहिलं नव्हतंस.

रविवारी दुपारी मी मिस्टर एल्बर्टकडे गेलो. पत्राची प्रत नेली. ते स्वयंपाकघरात एकटेच होते, टेबलावर एकाच माणसाची बशी. मला बघून म्हणाले, ‘‘कॉम्प्युटरवाला! ये, ये. मिस सुजाताचं ऐकलं मी. चांगली बाई होती. माझी कॉफी तिला आवडायची नाही, तरी प्यायची.’’

मी उभ्याउभ्याच सांगितलं. आधी मी काय केलं ते, मग पत्र. उलटं सांगितलं असतं तर पत्रामागे लपता आलं असतं.

त्यांनी चष्मा शोधला, मिळाला नाही. म्हणाले, ‘‘वाच.’’

मी वाचलं. ‘हात सोडवून घ्यावे लागले’ इथे त्यांनी बोट वर केलं.

‘‘ते परत.’’

मी परत वाचलं.

‘‘कोणाचे हात? मुलीचे की तिचे?’’

‘‘पत्रात लिहिलेलं नाही.’’

त्यांनी माझ्या हातातली प्रत घेऊन बशीशेजारी ठेवली. मग विचारलं, ‘‘किती दिवस होतं तुझ्याकडे?’’

‘‘दीड वर्ष.’’

‘‘म्हणजे भिंतीच्या दिवशी होतं.’’

‘‘हो.’’

‘‘तू रूबीवर छत्री धरली होतीस.’’

मी हो म्हणालो. त्यांनी मला बस म्हटलं नाही, आणि मी बसलो नाही. ते उठले, आतून टॉवेलात गुंडाळलेलं बायबल घेऊन आले, टेबलावर उघडलं. आजीच्या ओळीवर बोट ठेवलं. मी खिशातलं पेन पुढे केलं.

‘‘तुझं नको.’’

खण उघडून त्यांनी पेन्सिलचा एक बोटभर तुकडा काढला. आजीची ओळ खोडली नाही. तिच्या खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं. मला उलट बाजूनं वाचता आलं. ‘तिला नेलं.’ त्यांच्या इंग्रजीतही तेवढंच होतं.

मी निघालो. दारापाशी पोचलो तेव्हा ते मागून बोलले, माझ्याशी की स्वतःशी, कळलं नाही.

‘‘माझी आई दारात जे म्हणायची. तिची आई म्हणायची, आजीची आईसुद्धा. रूबीनं तिच्या पोरांना सांगितलं. मी हॅना नाही, मी परत येईन. रोज. ज्या बाईला ओढून नेलं, तिला आम्ही रोज दारात उभं करून शिवी दिली.’’ ते थांबले. ‘‘आता पोरांना सोडून बाहेर पडताना माणसानं काय म्हणायचं, मिस्टर?’’

ताई, तू असतीस तर तुला उत्तर आलं असतं, किंवा आलं नसतं तर तू तिथे बसून त्यांची ती कडू कॉफी प्यायली असतीस. मी दाराबाहेर पडलो. मागे कडी लागल्याचा आवाज आला.

फॉर्म मी मंजूर केलाय. हॅनाच्या नावापुढे आता ‘पुष्ट’ आहे, निदान माझ्या रकान्यात. शेरा मी पुसलेला नाही, तुझ्या अक्षरांखाली फक्त एक शब्द लिहिला. ‘दिला.’ आणि तारीख घातली, खरी, आजची.